पातळ झालेलं पुडिंग आणि उष्टा चमचा

चॉकलेट पुडिंग मी पहिल्यांदा केलं तेव्हा ते छान जमलं होतं. बिघडलं ते नंतर, ओट्यावर नुसतं ठेवलेलं असताना.

दहावीची परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी होती. पुण्यात नारायण पेठेतलं घर, आणि हाताशी कोकोच्या डब्यामागे छापलेली कृती. पुडिंग दाटलं की नाही हे बघायला चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली, तर ती तशीच राहिली. खूश होऊन पातेलं निवायला ठेवलं आणि मैत्रिणीकडे गेले. तासाभरानं येऊन बघते तर पातेल्यात तपकिरी ताक. आई म्हणाली, कॉर्नफ्लोअर कमी पडलं असेल. शेजारच्या काकूंनी दुधाला दोष दिला. आजीनं मात्र आधी पातेल्यात पाहिलं, मग माझ्या धाकट्या भावाच्या ओठांवरच्या तपकिरी मिशीकडे पाहिलं, आणि निकाल दिला: "यानं उष्टा चमचा घातलाय त्यात."

मला वाटलं, झालं हिचं उष्टं-खरकटं सुरू. आजीचं सगळं शास्त्र तिथेच येऊन थांबतं असा माझा तेव्हा समज होता. पुढे बीएस्सीला विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा, धडा आला तेव्हा कळलं की त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात बरोबर निदान फक्त तिनंच केलं होतं.

पण तिकडे जाण्याआधी गच्चीवर जाऊन यावं लागेल. चॉकलेट पुडिंगचं सगळ्यात जवळचं मराठी नातेवाईक तिथे वाळत घातलेलं असायचं.

उन्हाळ्यात आमच्या वाड्यात कुरडयांचा घाट घातला जायचा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून, फडक्यातून पिळून चोथा बाजूला काढायचा. उरलेलं दुधासारखं पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पिवळसर, आंबूस पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र, जड चीक बसलेला. मग मिठाच्या आधणात तो चीक ओतायचा आणि हात न थांबवता घोटायचा. पांढरा चीक बघता बघता काचेसारखा पारदर्शक होत जातो. सोऱ्यात जाण्याआधी त्यातला वाटीभर चीक दूध-साखर घालून आम्हा पोरांच्या वाट्याला यायचा, आणि खरं सांगायचं तर कुरडईपेक्षा त्याचीच वाट आम्ही जास्त पाहायचो.

आता या वाटीतल्या गव्हाच्या चिकाच्या जागी मक्याचा चीक घाला आणि थोडा कोको घाला. झालं चॉकलेट पुडिंग. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा चीकच, फक्त वाळवून पूड केलेला. म्हणूनच गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पिवळं पीठ त्याच्या जागी चालत नाही. त्या पिठात प्रथिनं, तेल, कोंडा सगळं असतं. कॉर्नफ्लोअरमध्ये जवळपास निव्वळ पिष्ट, म्हणजे स्टार्च. अमेरिकेतली कृती वाचत असाल तर आणखी एक घोळ आहे. आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो त्याला तिकडे कॉर्नस्टार्च म्हणतात, आणि त्यांचं कॉर्नफ्लोअर म्हणजे खरोखरच मक्याचं पीठ.

पिष्ट ही झाडानं पुढच्या पिढीसाठी बांधून दिलेली शिदोरी. ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबच लांब माळा घट्ट गुंडाळून त्याचे कण केलेले असतात. माळा दोन जातींच्या. अमायलोज बऱ्यापैकी सरळसोट, आणि अमायलोपेक्टिन बाभळीसारखं फांद्याच फांद्यांचं. मक्याच्या पिष्टात अमायलोज साधारण पाव हिस्सा असतं. एकेक कण सरासरी १५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाच्या आसपास. गार दुधात कण नुसते तरंगतात आणि थोड्या वेळानं तळाशी बसतात, त्या चिकासारखेच. दूध तापून ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आलं की कणांची आतली घट्ट घडी उसवते, ते पाणी पिऊन फुगायला लागतात आणि त्यांच्यातलं अमायलोज बाहेर पाझरतं.

घट्टपणा येतो तो या फुगण्यामुळे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवर गेला असाल तर हे लगेच पटेल. माणसं सकाळी असतात तेवढीच संध्याकाळी असली, तरी संध्याकाळी प्रत्येकाच्या दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या असतात. मग कुणालाच हलता येत नाही. पातेल्यातही कणांची संख्या तीच, पण प्रत्येक जण फुगलेला, शिवाय मधल्या मोकळ्या पाण्यात अमायलोजचे धागे. पळी जड लागते ती यामुळे.

गार होताना दुसरा अंक सुरू होतो. बाहेर आलेले अमायलोजचे धागे एकमेकांना धरून जाळं विणतात, त्या जाळ्यात पाणी अडकतं आणि पुडिंग थरथरतं पण सांडत नाही अशा अवस्थेला येतं. जाळं विणणं तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण धागे दिवसेंदिवस आणखी जवळ येत राहतात आणि मधलं पाणी पिळून बाहेर टाकतात. तिसऱ्या दिवशी पुडिंगच्या कडेला पाणी सुटलेलं दिसतं ते याच कारणानं. शिळा भात फ्रीजमध्ये टणक होतो तेही याच कारणानं. पुडिंग फ्रीझरमध्ये ठेवण्याचा विचार कुणी करत असेल तर करू नये. बाहेर काढल्यावर स्पंज आणि पाणी असे दोन वेगळे पदार्थ मिळतात.

आता थोडा इतिहास. चॉकलेटचा इतिहास सांगायचा तर लोक मेक्सिकोपासून सुरुवात करतात आणि तिथेच रमतात. मी थोडक्यात सांगते. कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. इक्वेडोरमध्ये सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश मिळाले आहेत. माया आणि अझ्टेक लोक कोकोच्या भाजलेल्या बिया दगडावर वाटायचे. त्यांचा तो दगड पाहिला तर आपला पाटा-वरवंटाच आठवतो. वाटलेल्या लगद्यात पाणी, मिरची घालून, या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतून फेस काढायचे आणि प्यायचे. साखर नाही, दूध नाही. बिया चलन म्हणूनही चालायच्या. स्पॅनिश लोकांनी ते पेय युरोपात नेलं, त्यात साखर घातली, आणि १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं झाडाला शास्त्रीय नाव दिलं थिओब्रोमा, म्हणजे देवांचं अन्न.

त्या पेयापासून पुडिंगपर्यंत यायला अडचण होती ती तुपाची. कोकोच्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. ती वाटून दुधात घातली की वर तवंग येणारच. तो काढायची युक्ती १८२८ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन कुटुंबाला सापडली. त्यांच्या दाबयंत्रात वाटलेल्या बियांतली बरीचशी चरबी पिळून निघायची आणि मागे कोरडी पेंड उरायची. तेलाच्या घाण्यात शेंगदाण्याची पेंड उरते तशी. ती पेंड कुटली की कोको पावडर. व्हॅन हाउटेननी कोकोवर अल्कलीची प्रक्रियाही केली. त्यामुळे त्याची आंबट-तुरट धार कमी झाली, रंग गडद झाला. आजही डब्यावर डच प्रोसेस्ड असं लिहिलेलं असतं ते त्यांच्यामुळे.

गंमत म्हणजे पुडिंगला लागणारं बाकी सगळंही त्याच सुमारास जुळून आलं. १८३७ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम गावी आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं अंड्यांशिवायचं कस्टर्ड तयार केलं. बायकोला अंडी सोसत नव्हती आणि कस्टर्ड तर तिला आवडायचं. अंड्याची जागा पिष्टानं घेतली आणि कस्टर्ड पावडर जन्माला आली. आज आपल्याकडे मिळणारी कस्टर्ड पावडर म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास, बाकी काही नाही. त्यानंतर पाचेक वर्षांनी अमेरिकेत थॉमस किंग्सफर्डनं मक्यापासून शुद्ध पिष्ट वेगळं काढायची पद्धत बसवली. ते विकलं जायचं कशासाठी? कपड्यांना खळ घालायला! ते खायलाही चालतं हे त्यानंतर बाजाराच्या ध्यानात आलं. सुती साडीला कडकपणा आणणारी खळ आणि वाटीत थरथरणारं पुडिंग, दोन्हींत काम तेच अमायलोजचे धागे करतात. साडीतलं पाणी उडून जातं, पुडिंगमधलं राहतं.

पुडिंग हा शब्द ब्रिटनमध्ये फार ऐसपैस वापरतात. एकेकाळी त्यात आतड्यात भरून उकडलेलं मांसही यायचं, आणि आज जेवणानंतरचं कुठलंही गोड येतं. दूध, पिष्ट आणि कोको घोटून केलेला मऊ पदार्थ हा अर्थ मुख्यतः अमेरिकेतला, आणि आपण तोच उचलला. पुण्यात तर उचलायला सोपंच होतं. वीकफील्ड ही कंपनी १९५६ साली इथेच सुरू झाली, आणि कस्टर्ड पावडर, कॉर्नफ्लोअर, कोको यांचे डबे तिच्यामुळे मध्यमवर्गीय फडताळांत पोचले. कोकोचं झाड मात्र पुण्यात रुजणार नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत ते वाढतं असा ठोकताळा आहे आणि पुणं साडेअठरा अंशांवर आहे, म्हणजे नकाशावर आपण पास. पण त्याला बारा महिने दमट हवा लागते, आणि आपल्या एप्रिलमध्ये ओला टॉवेल अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. आपल्या देशातला कोको येतो तो केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतल्या नारळी-पोफळीच्या सावलीतून.

आता कृती. अर्धा लिटर दूध घ्या. म्हशीचं किंवा पिशवीतलं फुल क्रीम घेतलं तर उत्तम. त्यात स्निग्धांश ६ टक्के असतो, टोन्ड दुधात ३, आणि तो फरक जिभेला कळतो. कॉर्नफ्लोअर ३ मोठे चमचे सपाट भरून, म्हणजे साधारण २४ ग्रॅम. हे वाटीतून चमच्यानं खायच्या पुडिंगचं प्रमाण आहे. साच्यातून ताटलीत उलटं करून नाचवायचं असेल तर ४० ग्रॅमपर्यंत जा, पण मला ते खोडरबर आवडत नाही. कोको ३ मोठे चमचे, साखर ५ ते ६, चिमूटभर मीठ. घरात असेल तर ५० ग्रॅम डार्क चॉकलेट, शेवटी थोडं लोणी आणि व्हॅनिला.

पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती गॅस न पेटवता करायची. कोको, साखर, मीठ, कॉर्नफ्लोअर आधी कोरडंच एकत्र करा. कोको पावडरीत थोडी चरबी उरलेली असतेच, त्यामुळे ती दुधात पटकन भिजत नाही, गोळे करून वर तरंगते. साखरेचे खडबडीत दाणे मध्ये आले की कोकोचे कण सुटे राहतात. मग त्यात वाटीभर गार दूध थोडं थोडं घालत गुळगुळीत पेस्ट करा. गार म्हणजे गारच. गरम दुधात कोरडं कॉर्नफ्लोअर पडलं की प्रत्येक चिमटीची बाहेरची बाजू क्षणात शिजून चिकट होते आणि आतल्या कोरड्या पिठाला पाणी मिळेनासं होतं. गुठळी झाली. मग कितीही घोटा, ती फुटत नाही, लहान मात्र होते आणि नेमकी पाहुण्यांच्या वाटीत जाते.

उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवून त्यात ही पेस्ट ओता आणि मध्यम आचेवर ढवळत राहा. पळी तळाला खरवडत फिरली पाहिजे. फुगण्याआधी पिष्टाचे कण तळाशी बसायला बघतात, दुधातली प्रथिनंही तिथेच चिकटतात, आणि आधी लागतं ते तिथेच. बराच वेळ काहीच होत नाही. पळी पाण्यासारखी फिरते, आपण कंटाळतो, मोबाइलकडे हात जातो. आणि मग अर्ध्या मिनिटात हात जड होतो. साखर भरपूर असेल तर ही वेळ आणखी पुढे जाते, कारण साखरही पाण्यावर हक्क सांगते आणि पिष्टाला फुगायला उशीर होतो.

दाटलं म्हणून लगेच गॅस बंद करू नका. पिठलं रटरटताना जसे बुडबुडे फुटून हातावर चटका देतात तसे एक-दोन बुडबुडे फुटले की तिथून पुढे मिनिट-दीड मिनिट शिजवा. सगळे कण पूर्ण फुगायला ९५ अंशांच्या आसपास जावं लागतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, पण तेवढ्यानं काही अडत नाही. अर्धवट शिजलेल्या पुडिंगला कच्च्या पिठाची चव राहते, ती जिभेवर खडूसारखी लागते. उलट दहा-दहा मिनिटं जोरात घोटत बसलात तर फुगलेले कण फुटतात आणि पुडिंग पुन्हा सैल होतं. गॅस बंद केल्यावर चॉकलेटचे तुकडे, लोणी, व्हॅनिला. वास उडून जाऊ नये म्हणून व्हॅनिला शेवटी.

वर जाड कातडं धरतं ते दुधावरच्या सायीचंच भावंड. पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि प्रथिनं-पिष्ट तिथे दाटतात. नको असेल तर बटर पेपर थेट पुडिंगला टेकवून झाका. आमच्याकडे त्या कातड्यावरून भांडणं व्हायची, त्यामुळे मी झाकत नाही.

आणि आता तो चमचा. १८३१ मध्ये लॉइक्स या जर्मन रसायनज्ञानं दाखवून दिलं की माणसाची लाळ पिष्टाचं साखरेत रूपांतर करते. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये पायें आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूपासून हेच काम करणारा पदार्थ वेगळा काढला. विकरांच्या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली असं मानतात. म्हणजे व्हॅन हाउटेनचा कोको आणि बर्डचं कस्टर्ड यांच्या मधल्या काळात, पुडिंग बिघडतं कसं याचंही उत्तर शोधून झालं होतं. लाळेतल्या या विकराचं नाव अमायलेज. ते पिष्टाच्या माळांवर कात्रीसारखं चालतं आणि मधूनमधून कापत सुटतं. माळ चार ठिकाणी तुटली की जाळं सुटलं, अडकलेलं पाणी मोकळं झालं. आणि ही कात्री बोथट होत नाही. एक माळ कापून झाली की तोच रेणू पुढच्या माळेकडे वळतो. त्यामुळे लाळ किती कमी आहे यापेक्षा तिला वेळ किती मिळाला हे महत्त्वाचं.

शिवाय अमायलेजला सगळ्यात आवडतं ते अंगाएवढं तापमान, ३७ अंशांच्या आसपास. उकळत्या पुडिंगमध्ये ते मरतं, फ्रीजमध्ये रेंगाळतं, आणि ओट्यावर निवत ठेवलेल्या कोमट पातेल्यात त्याची चंगळ होते. पुडिंग तोंडात गेल्या गेल्या विरघळल्यासारखं वाटतं त्यातही याचा हात आहे. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांना वितळतं हे एक कारण, आणि लाळ लगेच पिष्ट कापायला लागते हे दुसरं. माझ्या भावाच्या तोंडात जे होत होतं तेच पातेल्यात झालं.

अंड्याच्या बलकातही अमायलेज असतं. बलक घालून केलेलं पुडिंग नीट उकळी न येताच उतरवलं, तर रात्रभरात ते आपोआप पातळ होतं आणि दोष बिचाऱ्या कॉर्नफ्लोअरला जातो.

खात्री करायची असेल तर दोन छोट्या वाट्यांत दोन-दोन चमचे कोमट पुडिंग घ्या. एकीत नुसत्या पाण्यानं ओला केलेला चमचा ढवळा, दुसरीत नीट चाटलेला. पाणी दोन्हींत सारखंच गेलं पाहिजे, नाहीतर कुणीतरी म्हणणारच की पाण्यानं पातळ झालं. पंधरा मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरक्या करा. गेल्या रविवारी मी भाचीला हे करून दाखवलं. पहिल्या वाटीतलं पुडिंग कुशीवर वळल्यासारखं आळसात सरकलं. दुसऱ्या वाटीतलं थेट काठापर्यंत धावलं आणि ओट्यावर सांडलं. भाची म्हणाली, परत करू. आम्ही परत केलं.

संध्याकाळी भावाला फोन करून सगळं सांगितलं. इतक्या वर्षांनी गुन्हा शाबीत झालाय, चांगला आठ-दहा वेळा चाटला असशील तो चमचा, असंही सुनावलं. पलीकडे थोडी शांतता. मग तो म्हणाला, "आठ-दहा नाही गं ताई. चारच वेळा."